पश्चिमेला तोंड केलेलं देऊळ

तू जाऊन आज सदतीस दिवस झाले. माझ्या व्हिसाचे नव्वद दिवस येत्या गुरुवारी संपतात, आणि गुरुवारी मी जावा बेटावर जायला निघतोय. एकटा. आपलं ठरलं होतं तसंच, त्याच रस्त्याने, पाठीवर सॅक टाकून. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी अडवायला नको.

लिहायला केतकीने बसवलं. इथल्या आपल्या मराठी मंडळींचा अंक निघतो, त्यात आईंबद्दल लिहा म्हणाली. म्हटलं, तिसरीत शाळा सोडलेल्या गवंड्याला लिहायला सांगतेस? तर म्हणे, तुम्ही पेन्सिलने लिहा, मी टाइप करते. माझा एकही शब्द सुधारायचा नाही असं मी बजावलंय. आपली सून ऑफिसात दहा जपान्यांना कामाला लावते, पण हे तिने ऐकलंय.

तुझं माहेर कुठलं, तू बालवाडीत किती वर्षं शिकवलंस, मागे कोण कोण आहे, ते लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. मला दुसरंच सांगायचंय, आणि ते तुझ्यासमोर आणि या सगळ्या मंडळींसमोर एकदमच सांगायचंय. तिथे पोचायला जरा वेळ लागेल. तू वाट बघू शकतेस, हे मला चांगलं माहीत आहे.

इथल्या लोकांची रीत तुला बघायला मिळाली नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. इथे तासाभरात बोलावलं. आपण राखेतून हाताने वेचतो, यांनी हातात लांब काड्या दिल्या, जेवायला असतात तशाच पण मोठ्या. पायापासून सुरुवात करायची, डोक्यापर्यंत यायचं, आणि एक अस्थी दोघांनी मिळून उचलायची. मी म्हटलं, हाताने उचलतो. पांढरे हातमोजे घातलेला माणूस वाकून वाकून काहीतरी सांगत राहिला. प्रसाद म्हणाला, बाबा, त्यांचं ऐकू या. मग मी आणि प्रसादने तुझ्या पायाचं हाड दोन बाजूंनी धरलं. चाळीस वर्षं ओळंबा धरलेला हात आहे माझा, हलला नाही. प्रसादचा हलत होता. मी धरून ठेवलं म्हणून ते पडलं नाही. तुझे पाय किती चालले होते ते आपल्या दोघांनाच ठाऊक, म्हणून तेवढं लिहिलं.

अस्थी घेऊन प्रसाद नाशिकला जाऊन आला. मी गेलो नाही. माझा व्हिसा एकदाच शिरायचा. बाहेर पडलो असतो तर परत येता आलं नसतं, आणि तिकडून जाव्याला मला कुणी सोडलं नसतं. तुझ्या भावाने फोनवर काय काय ऐकवलं. नवरा असून आला नाही म्हणाला. म्हणू दे.

परत जाताना वाटेत थांबून हे फिरणं तू काढलंस. आईबापांना इथे नव्वद दिवसच राहता येतं. पहिल्या वर्षी आपण मुकाट्याने आलो तसे परत गेलो. दुसऱ्या वर्षी फुनाबोरीच्या या पाचव्या मजल्यावरच्या घरात मटार सोलता सोलता तू म्हणालीस की विमान तरी बँकॉकला थांबतंच, आपणच पुढे कशाला पळायचं? मला वाटलं थट्टा आहे. तू प्रसादच्या कॉलेजच्या दोन जुन्या सॅक बाहेर काढल्यास. केतकी त्या मोठ्या कचऱ्यात टाकणार होती, इथल्या रीतीने आधी नोंद करून, चिठ्ठी चिकटवून. तू म्हणालीस, चिठ्ठी आमच्यावर चिकटव, सॅक राहू दे.

बँकॉकला तू फोनवरून जी जागा ठरवलीस, तिथे एका खोलीत आठ जण आणि खाटांवर खाटा. गोरी पोरं-पोरी अर्ध्या चड्डीत, आणि मधे तू पाचवारीत, पायात कॅनव्हासचे बूट. मी हट्टाने वरची खाट घेतली. म्हातारा म्हणून खालची दिलेली मला चालणार नव्हती. सकाळी उतरता येईना. मी तासभर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. शेवटी तू खालून म्हणालीस, "उठायचं नसेल तर राहू द्या, पण डावा पाय आधी सोडा, पायरी तिथे आहे." कुणाला कळलं नाही. असं तू किती वेळा केलंस, ते मी आता मोजत नाही.

आयुथ्थयाला विटांचे उघडे पडलेले मनोरे बघितले. पुढे एका वर्षी व्हिएतनामात ‘मी सोन’ नावाच्या जागी जुनी देवळं बघायला गेलो. तिथल्या विटांच्या सांध्यात मला चुना दिसेना. मी नख घालून बघितलं, शिरेना. रखवालदाराने शिट्टी मारली. तू त्याला हातवारे करून सांगत होतीस, हा गवंडी आहे, गवंडी, आणि थापी मारायची नक्कल करून दाखवत होतीस. तो हसला आणि मला अजून पाच मिनिटं दिली. मी त्या भिंतीवर हात ठेवून उभा राहिलो. तू माझी टोपी धरून उभी राहिलीस. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. आज मानतो.

आता अंगकोर.

त्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याने आपल्याला मोठ्या खंदकाशी उतरवलं. सूर्य समोर, देवळाच्या कळसांमागे. मी लगेच ओळखलं, आपण पश्चिमेकडून शिरतोय. मी म्हटलं, या माणसाने आपल्याला मागच्या दाराशी आणून सोडलं, देवळाचं तोंड पूर्वेला असतं. तू म्हणालीस की अहो, एवढा लांब दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना नागाचे कठडे, हे मागचं दार कसं असेल? मी तुला ऐकवलं, की सात गावची देवळं मी या हातांनी दुरुस्त केलीत, आणि तू बालवाडीत पोरांना गाणी शिकवलीस, तेव्हा देवळाचं मला सांगू नकोस. पाटीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, तू ते वाचलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि चालायला लागलीस.

आत तुला कुरुक्षेत्राची लढाई कोरलेली ती लांबच लांब भिंत निवांत बघायची होती. मला वर चढायचं होतं. मी म्हटलं, तासाभराने पुढच्या दाराशी भेटू. तू मान हलवलीस.

वर दगडात दगड कसे बसवलेत ते बघून मी उतरलो आणि सूर्य बघून सरळ पूर्वेच्या दाराने बाहेर पडलो. तिकडे लाल मातीचा रस्ता, झाडी आणि माकडं. माणूस नाही म्हटलं तरी चालेल. तू नव्हतीस. मी अर्धा तास थांबलो. मग एक तास. मला राग येत होता, की हिला एवढंही कळू नये. मग राग संपला आणि मी येरझाऱ्या घालायला लागलो. तिथे एक शहाळी विकणारी बाई होती, तिला विचारता आलं असतं. दोन पोलीस सायकलवरून गेले, त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मी आयुष्यात कुणाला रस्ता विचारलेला नाही, हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगायचीस.

मी आत गेलो आणि त्या रिकाम्या ओवऱ्यांमधून तुझ्या नावाने हाका मारल्या. सुमन, सुमन करत. लग्नात उखाणा घेतला तेव्हा एकदा तुझं नाव घेतलं होतं, त्यानंतर ते तिथे. चिनी प्रवासी बाजूला होऊन वाट देत होते. मला वाटत होतं, तू कुठेतरी पडली आहेस आणि मी शोधतोय. खरं तर मी कोणत्या अंगणात आहे तेच मला कळत नव्हतं. एकाच खांबाशी तीनदा आलो. हरवलो मी होतो.

अडीच तासांनी गर्दी जिकडे चालली होती तिकडे चालत गेलो, आणि तू पश्चिमेच्या दारात पायरीवर बसलेली होतीस. उन्हाने चेहरा लाल. शेजारी दोन शहाळी, दोन्ही न फोडलेली. माझ्यासाठी थांबली होतीस. मी पहिलं वाक्य काय बोललो ते मला पाठ आहे. "कुठे मेली होतीस? पुढच्या दाराशी म्हटलं होतं ना?"

तू म्हणालीस, "माझंच चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका देवळात नागपूरकडच्या लोकांचा घोळका होता आणि त्यांचा गाइड हिंदीत सांगत होता, की इथली बहुतेक सगळी देवळं पूर्वाभिमुख, ते एक मोठं देऊळ तेवढं पश्चिमेला तोंड करून बांधलेलं. मी ते अक्षर न् अक्षर ऐकलं. तू माझ्या शेजारी उभी राहून पदराने चष्मा पुसत होतीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत बोललो नाही. तूही नाही.

त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर विषय संपला असता. बोललो नाही, आणि तो वाढत गेला. प्रसादला फोनवर सांगितलं की तुझी आई हरवली होती, मी शोधून काढली. गावाकडे सांगितलं. इथे गणपतीत सगळे जमले होते, तेव्हा तर मी उभा राहून रंगवून सांगितलं, माकडांची भर घालून. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तेव्हा हसले होते. तू पुलाव वाढत होतीस. कुणीतरी विचारलं, काकू, खरंच हरवलात? तू म्हणालीस, हो ना, मला दिशाच कळत नाहीत. आणि त्याच्या ताटात जास्तीचा पुलाव वाढलास.

मंडळी, ती हरवली नव्हती. ती पुढच्या दाराशीच होती. हरवलो होतो मी. एवढं लिहिण्यासाठी मी ही पेन्सिल धरली.

पण हे मला आधी घरात सांगावं लागलं, आणि ते सोपं गेलं नाही.

गेल्या रविवारी मी सॅक भरायला घेतली. प्रसाद दारात येऊन उभा राहिला. मी तुम्हाला थेट मुंबईच्या विमानात बसवतो म्हणाला, तिथे मामा येईल घ्यायला. मी म्हटलं, तिकीट जाव्याचं काढलंय, तुझ्या आईने सगळं ठरवलेलं आहे, प्रंबाननची देवळं बघायची राहिलीत. तो म्हणाला, आई होती तेव्हा होती. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. मला ऐकू येत नसल्यासारखा बोलत होता, म्हणजे मोठ्याने. मी सॅक भरत राहिलो.

केतकी माझ्या बाजूने उभी राहिली. ती त्याला म्हणाली, बाबांना दिशा बरोबर कळतात, अंगकोरला आई हरवल्या तेव्हा त्या परक्या मुलखात यांनीच त्यांना शोधलं ना? जाऊ दे त्यांना. प्रसाद आत येऊन टेकला. मला दिसत होतं, तो नमतोय. मी अजून एक शर्ट सॅकमध्ये टाकला असता आणि गप्प राहिलो असतो, तर काम झालं होतं. तुझ्या नावावर टाकलेल्या चुकीवर मला परवानगी मिळणार होती.

ते मला घेववेना. तू होतीस तोवर घेतलं. तू नसताना नाही घेता आलं.

मी शर्ट खाली ठेवला आणि सांगितलं. पूर्वेचं दार, पश्चिमेचं दार, शहाळी विकणारी बाई, नागपूरचा घोळका, सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं जे जपलं, ते पाच मिनिटांत संपलं. केतकी खाली बसली. मला वाटलं, आता गेलं जावा. दिशा कळणारा म्हातारा होतो तोवर जाता आलं असतं, आता कोण सोडतो.

प्रसाद म्हणाला, "मला माहीत होतं बाबा."

तू त्याला सांगितलं होतंस. त्याने तुला एकटीला गाठून विचारलं होतं, आई, तू कशी हरवलीस, डॉक्टरला दाखवू का, विसरायला होतं का तुला? त्याला भीती वाटली होती. तेव्हा तू म्हणालीस, मी कुठेही हरवले नव्हते, मी पुढच्याच दाराशी होते, पण बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्याने शब्द पाळला. म्हणूनच तो मला जाऊ देत नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही हरवाल याची मला काळजी नव्हती. हरवल्यावर तुम्ही कुणाला विचारणार नाही, याची होती."

मग तो उठला, खाली ठेवलेला शर्ट उचलून त्याने घडी घातली आणि सॅकमध्ये ठेवला. जा म्हणाला.

मी मान वर करून त्याला सांगितलं, "मी तुझी परवानगी मागत नव्हतो." तो म्हणाला, हो बाबा, माहीत आहे.

आता तुझ्याशी भांडण. ते राहिलंय. पाटी तू वाचली होतीस. त्याच पायरीवर तू मला का नाही सुनावलंस? चारचौघांत नको, पण रिक्षात बसल्यावर? मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, तिसऱ्या दिवशी जेवलो असतो. तू मला सांभाळलंस, आणि त्यामुळे मी तसाच राहिलो. हे तू बरं नाही केलंस. असं मी म्हणतो आणि मग ती दोन न फोडलेली शहाळी डोळ्यांपुढे येतात, आणि भांडण पुढे सरकत नाही. अडीच तास उन्हात. तुला तहान लागली असेल. मी माफी मागतो. ही पहिलीच, त्यामुळे नीट जमली नसेल.

परवा मी जवळच्या इचिकावा गावी गेलो. मुद्दाम, एकटा. तिथे एका जुन्या देवळात लाकडाचा पाच मजली मनोरा आहे, असं केतकी म्हणाली. कागदावर तिने जपानीत नाव लिहून दिलं, बाकी काही सांगू नकोस म्हटलं. पहिली गाडी सोपी, इथून सरळ शेवटच्या स्टेशनापर्यंत. पुढे गाडी बदलायची होती. कुठल्या बाजूने ते कळेना. पाय चालायला लागले होते, नेहमीच्या सवयीने, सूर्य बघून. मी त्यांना थांबवलं. शाळेच्या कपड्यांतली एक मुलगी चालली होती, तिला कागद दाखवून सुमिमासेन, म्हणजे माफ करा, म्हटलं. तोंडातून शब्द निघायला वेळ लागला, पण निघाला. तिने बोटाने जिना दाखवला. पुढे स्टेशनातल्या माणसाला विचारलं. गाडीतून उतरल्यावर फुलवाल्या बाईला विचारलं. ती दुकान उघडं टाकून कोपऱ्यापर्यंत आली. शेवटी देवळाच्या दाराशी झाडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं की हेच का ते, समोर मनोरा दिसत असूनही विचारलं. तो माझ्याच वयाचा असेल. त्याने झाडू बाजूला ठेवून मान झुकवली.

लाकूड लाल रंगाचं आहे, जोड अतिशय सुबक. दर मजल्याचा खांब खालच्यावर सरळ नाही, थोडा आत घेतलाय. तुला अर्धा तास समजावून सांगितलं असतं आणि तू ऐकल्यासारखं केलं असतंस.

घरी आलो तर प्रसाद लवकर येऊन बसला होता. पोचलात का एकटे, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, एकटा नाही. चौघांना विचारून पोचलो.